जी-नाईनमधला 'नऊ' कुठला?

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत जाऊन 'ही कोणती जात?' असं विचारा, बहुतेक वेळा उत्तर येईल, 'जी-नाईन'. मीही बरीच वर्षं समजत होतो, की कुठल्यातरी प्रयोगशाळेत आठ वाण नापास झाले असतील आणि नववा पास. आमचे नाना तर 'जी-टेन'ची वाट बघत बसलेत.

त्या नावात नऊ नाहीच. नाव फ्रेंच आहे, 'ग्रांद नेन'. ग्रांद म्हणजे मोठी, नेन म्हणजे ठेंगणी. मोठी ठेंगणी! कॅव्हेंडिश गटातल्या अगदी बुटक्या केळीपेक्षा ही उंच भरते आणि उंच जातींपेक्षा बुटकी राहते, म्हणून असं नाव. फ्रेंच 'नेन' रोमन लिपीत लिहिलं, की शेवटी एन-ए-आय-एन-ई अशी अक्षरं येतात. ती आपण इंग्रजी वळणानं वाचली आणि 'नाईन' झालं. मग 'ग्रांद'चा नुसता 'जी' उरला.

कॅव्हेंडिश हे आडनाव इंग्लंडातल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरचं. त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यानं ऊब दिलेल्या काचघरात हे झाड जपलं आणि १८३५ मध्ये त्याला केळफूल आणलं. तिकडे शेगडीच्या उबेवर वाढवलेलं झाड इकडे जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात उभं असतं, हे पॅक्स्टनला सांगून पटलं नसतं.

रोपं आणायला गेलं, की दुसरा शब्द भेटतो. झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांना सगळे 'टिश्यूची रोपं' म्हणतात आणि पुस्तकात या पद्धतीला 'ऊती संवर्धन' छापलेलं असतं. 'ऊती' वाचून दूध उतू गेल्यासारखं वाटतं खरं, पण हा शब्द घडवणाऱ्याला दाद द्यायला हवी. संस्कृतात 'वे' धातूचा अर्थ विणणे. त्यावरून 'ऊत' म्हणजे विणलेलं आणि 'ऊति' म्हणजे वीण. आपल्या रोजच्या 'ओतप्रोत'मध्ये तोच लपलाय: आडवे-उभे धागे एकमेकांत विणलेले. आणि फ्रेंच 'तिस्यू'चा अर्थही विणलेलं कापड. झेवियर बिशा या फ्रेंच वैद्यानं १८०० च्या सुमारास शरीराच्या अवयवांकडे अशा विणींचे थर म्हणून पाहिलं आणि हा शब्द वैद्यकात रुजला. इंग्रजांनी त्याचं 'टिश्यू' केलं. दोन्ही शब्द एकाच मागावरचे, तरी एक परका वाटत नाही आणि दुसरा वाटतो. परका वाटतो तो आपला.

पानावर तपकिरी चट्टे पडले, की शेतकरी 'करपा' म्हणतो आणि औषधाच्या दुकानात त्याचा 'सिगाटोका' होतो. हे फिजी बेटांवरच्या एका नदीचं आणि तिच्या खोऱ्याचं नाव. तिथे या रोगानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केळीच्या बागा झोडपल्या, म्हणून रोगाला खोऱ्याचं नाव चिकटलं. उच्चारात मात्र गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी फिजीयन भाषेला रोमन अक्षरं दिली तेव्हा एका ध्वनीला एकच अक्षर ठेवलं, आणि 'जी' हे अक्षर नेमलं नाकातल्या ध्वनीसाठी. तो ध्वनी म्हणजे आपला ङ. अंकलिपीत पाठ केलेला आणि पुढे जन्मभर एकटा कधी न लिहिलेला ङ! नाव खरं 'सिङातोका'. इंग्रजीत हा ध्वनी लिहायला दोन अक्षरं लागतात, आपल्याकडे तयार अक्षर पडून आहे. त्याच नियमानं तिथलं विमानतळाचं शहर रोमन लिपीत 'नादी' दिसतं, पण म्हणायचं 'नांदी'.

सिगाटोका म्हटल्यानं कुणाची बाग बुडत नाही. शब्द उघड परका असला, की माणूस निदान विचारतो तरी. खरा घोळ घालतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. धुळे-नंदुरबारच्या काळ्या खडकाला भूगोलात 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हटलं, की आपल्याला सापळा आठवतो, लाच घेताना कुणी सापडल्याची बातमी आठवते. हा ट्रॅप स्वीडिश 'त्राप्पा'वरून आला, म्हणजे जिना. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, पुढे त्यांची झीज झाली, आणि डोंगरउतार पायऱ्यांसारखे दिसू लागले.

खडकाच्या नावात गैरसमज झाला तर बिघडत नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकल सेल या आनुवंशिक रक्तरोगाच्या तपासणीत झाला तर बिघडतं. 'सिकल' म्हणजे विळा. 'सेल' म्हणजे पेशी, पण गावात सेल असतो तो बॅटरीतला. रक्तातला सेल उतरला, असा समज करून घेणाऱ्याला हसू नये. अशक्तपणा तसाच तर वाटतो. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात प्राणवायू वाहणारं प्रथिन, अमिनो आम्लांचे मणी ओवलेल्या साखळ्यांचं. त्यातल्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हा मणी बसतो, एवढाच फरक. पण प्राणवायू कमी पडला, की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनतात, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि जीवघेण्या कळा येतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस टिकते. ही १० ते २० दिवसांतच मोडते.

त्यातून अहवालावर येतं 'वाहक'. एसटीत चालक-वाहक वाचत मोठे झालेलो आपण. वाहक म्हणजे कंडक्टर! इथे अर्थ असा, की आई-बापाकडून मिळालेल्या दोन जनुकांपैकी एक सदोष आहे. अशा माणसाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे 'मला कुठे काय झालंय' म्हणून कागद पत्र्याच्या पेटीत जातो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक.

आणि 'चारात एक' हे शब्दही सोपे वाटतात म्हणूनच फसवतात. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली, असा हिशेब मांडला जातो. चिठ्ठ्या चारच असतात, पण प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी त्या चारही पुन्हा मडक्यात पडलेल्या असतात.