वर्ग व्यवस्थापनाची पार्श्वभूमी : फळ्यावरच्या नावांचा वाद

वर्ग व्यवस्थापन हा अध्यापनशास्त्रातील स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून विसाव्या शतकात उभा राहिला आणि त्याचे आजचे रूप मुख्यतः १९७० नंतरच्या तीन दशकांत घडले. त्याआधीचा दीर्घ काळ शिक्षेच्या इतिहासात जमा होतो. मुलांना फटके मारण्यास विरोध करणारे वक्तृत्वशिक्षक इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोममध्येही होते. मात्र पन्नास किंवा पाचशे मुलांचा वर्ग छडीवाचून कसा चालवावा, या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर त्या विरोधातून मिळाले नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील एका अनाथालयात आणि पाठोपाठ लंडनमध्ये मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले बसवणे शक्य झाले. या पद्धतीच्या लंडनमधील प्रवर्तकाला फटके मारणे नामंजूर होते, पण त्याऐवजी त्याने मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवणे किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे, असे प्रकार सुचवले. शारीरिक वेदनेची जागा चारचौघांतील अपमानाने घेतली, आणि पुढे दीडशे वर्षांनीही वाद घुटमळला तो याच अदलाबदलीभोवती.

एकोणिसाव्या शतकातील एक प्रसंग मात्र वगळता येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव १८४३ मध्ये प्रशियातील शाळा पाहून आले आणि तेथील आपल्या मुक्कामात मुलाला मारलेले एकदाही दिसले नाही, असे त्यांनी वार्षिक अहवालात नोंदवले. बोस्टनमधील ३१ शाळाप्रमुखांनी त्यावर पुस्तिका काढून उत्तर दिले आणि अधिकाराचा धाक गेला तर शाळा चालणार नाही, अशी बाजू मांडली. छडी गेल्यावर शिक्षकाच्या हाती नेमके काय उरते, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला नाही. १९०७ मध्ये वर्ग व्यवस्थापन याच नावाचे एक अमेरिकी पाठ्यपुस्तक निघाले. त्यात नित्यक्रम, वेळेची काटकसर आणि सवयी यांवर भर होता, आणि शिक्षक प्रशिक्षणात त्याने बराच काळ आपले स्थान टिकवले.

संशोधनाला खरी दिशा मिळाली ती जवळजवळ योगायोगाने. एका अमेरिकी विद्यापीठात मानसिक आरोग्य हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाने मागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याला फटकारले आणि त्या फटकाऱ्याचा परिणाम ज्यांचा काही दोष नव्हता अशा इतरांवर अधिक झालेला त्याला दिसला. हे परिणाम मोजण्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंतचे वर्ग पाहिले, प्राथमिक वर्गांचे व्हिडिओ चित्रण केले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मूळ अपेक्षेच्या उलट होता. शिक्षक गैरवर्तन कसे थांबवतो, म्हणजे कठोरपणे की सौम्यपणे, स्पष्टपणे की मोघम, याचा वर्गातील एकूण वर्तनाशी सातत्यपूर्ण संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो गडबड होण्यापूर्वीच्या गोष्टींशी : वर्गाच्या प्रत्येक कोपऱ्यात काय चालले आहे हे शिक्षकाला ठाऊक असून तसे मुलांनाही जाणवते का, एका गटाकडे लक्ष देताना त्याला दुसऱ्याचा प्रश्न हाताळता येतो का, एका कामाकडून दुसऱ्याकडे वळताना पाठ अडखळतो का, आणि एकाला प्रश्न विचारलेला असताना उरलेले जागे राहतात का.

टेक्सासमधील एका संशोधक गटाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात याला मोलाची जोड दिली. तिसरीच्या वर्गांचे शालेय वर्षाच्या अगदी पहिल्या दिवसापासून निरीक्षण केल्यावर असे दिसले की ज्या शिक्षकांचे वर्ग वर्षभर सुरळीत चालले, त्यांनी पहिल्या काही आठवड्यांत नियम केवळ सांगितले नव्हते, तर एखादा धडा शिकवावा तसे शिकवले होते. पाणी प्यायला कधी जायचे, वह्या कुठे ठेवायच्या, मदत हवी असेल तर काय करायचे, याचा सराव करून घेतला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी अभ्यास हाच आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. जे वाद घडूच दिले नाहीत, त्यांची बातमी होत नाही.

दरम्यान वर्तनवादी मानसशास्त्रज्ञही वर्गात शिरले होते. नियम लिहून लावल्याने फारसा फरक पडत नाही, पण चांगल्या वर्तनाची दखल घेणे आणि किरकोळ गैरवर्तनाकडे दुर्लक्ष करणे यांची जोड दिल्यास पडतो, असे १९६८ च्या एका प्रयोगात दिसले. १९६९ मध्ये चौथीच्या एका वर्गाचे दोन संघ पाडून कमी गुण घेणाऱ्या संघाला सवलत देण्याचा खेळ वापरला गेला. त्यात नियमभंग झाला की गुण नोंदला जात असल्याने कमी गुण म्हणजे जिंकणे. १९७० च्या आणखी एका अभ्यासात सर्व वर्गाला ऐकू जाणाऱ्या रागावण्यापेक्षा फक्त त्या मुलाला ऐकू जाईल एवढ्या हलक्या आवाजातील समज अधिक परिणामकारक ठरली. हा शेवटचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण सहा वर्षांनी जी योजना घराघरात माहीत झाली, ती नेमकी त्याच्या विरुद्ध दिशेने गेली.

ही योजना १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका दांपत्याने पुस्तकरूपाने मांडली. शिकवण्याचा हक्क शिक्षकाला आहे आणि तो हिरावण्याची मुभा कोणत्याही विद्यार्थ्याला नाही, हे तिचे सूत्र होते. पहिल्या नियमभंगाला विद्यार्थ्याचे नाव फळ्यावर लिहायचे, पुढच्या प्रत्येक वेळी नावापुढे खूण करायची, आणि खुणा वाढतील तसे परिणाम चढत जायचे : शाळा सुटल्यावर थांबवून घेणे, पालकांना फोन, शेवटी मुख्याध्यापक. वर्ग नीट वागला तर बरणीत गोटी टाकायची आणि बरणी भरली की सर्वांना बक्षीस. त्या काळी शिक्षकांची स्थिती चमत्कारिक होती. स्वीडनने १९५८ मध्ये शाळांतील शारीरिक शिक्षा बंद केली होती आणि इतरत्र तिच्याविरुद्ध मत वाढत होते, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ती घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. छडीबद्दल मन साशंक झालेले आणि पर्यायाचे प्रशिक्षण मिळालेले नाही, अशा शिक्षकाला एका दिवसाच्या कार्यशाळेत शिकता येणारी आणि दुसऱ्या दिवशी अमलात आणता येणारी पद्धत हवीच होती. तिचा प्रसार झाला तो या सोयीमुळे. हजारो शाळांतील प्रशिक्षणांमागे तितक्याच वजनाचे पुरावे नव्हते, आणि १९८९ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांनीही तोच आक्षेप नोंदवला.

फळ्यावर नाव लिहिण्याचा निर्णय वरवर क्षुल्लक वाटतो, तरी सर्वाधिक टीका त्याच्याभोवतीच एकवटली. योजनाकर्त्यांचे स्पष्टीकरण असे होते की नाव लिहिण्याने पाठ थांबवून रागावण्याची गरज उरत नाही. खडूची एक रेघ ओढून शिक्षक शिकवत राहतो. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, कारण पाठाचा ओघ तुटू न देणे हे १९७० च्या निष्कर्षांशी सुसंगतच होते. परंतु फळा सर्वांसमोर असतो आणि त्यावरचे नाव दिवसभर राहते, त्यामुळे जी नोंद म्हणून सुरू झाली ती चव्हाट्यावरची बदनामी झाली. काही मुलांची नावे रोजच लागू लागली आणि वर्गाने त्यांना त्याच ओळखीने पाहायला सुरुवात केली, अशी पालकांची तक्रार होती. १९८९ मध्ये योजनेच्या एका कर्त्याने स्वतःच लेख लिहून आपली पद्धत फळ्यावरची नावे आणि बरणीतल्या गोट्या यांपुरती नाही, असा खुलासा केला आणि नाव यापुढे हजेरीपटात किंवा हातातील कागदावर लिहावे, असे सुचवले. पुढील आवृत्त्यांत विश्वास आणि परस्परसंबंध यांना अधिक जागा मिळाली. तोवर फळ्याची सवय शाळांत रुजली होती आणि सुधारित आवृत्ती पोचली नाही अशा ठिकाणीही ती चालू राहिली.

गोट्यांच्या बाजूवर टीका वेगळ्या दिशेने आली. बक्षीस आधी जाहीर करून मुलांकडून चित्रे काढून घेतल्यास, एरवी आवडीने चित्रे काढणारी मुले नंतर त्याकडे कमी वळतात, असा प्रयोग १९७३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. १९९० च्या दशकातील टीकाकारांनी त्याचा आधार घेऊन शिक्षा आणि बक्षीस या दोन्ही गोष्टी नियंत्रणाचीच साधने असल्याचे म्हटले. ते टोकाचे विधान आहे. वर आलेल्या १९६९ च्या दोन संघांच्या खेळातही बक्षीस होतेच; त्याचा अमेरिकेतील बाल्टिमोर शहरामधील पहिलीच्या वर्गांत १९८० च्या दशकात झालेला प्रयोग अधिक गुंतागुंतीचे चित्र दाखवतो : त्यातील मुलगे विशीच्या उंबरठ्यावर पोचले तेव्हा, विशेषतः जे लहानपणी आक्रमक होते त्यांच्यात, अमली पदार्थांच्या गैरवापराचे प्रमाण तुलनेने कमी आढळले.

त्यानंतर निर्णय वर्गाबाहेर सरकू लागले. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेतून काढणे बंधनकारक केले, आणि अनेक शाळांनी तोच कडक न्याय किरकोळ गैरवर्तनालाही लावला. मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कृतिगटाने पुढे पाहणी करून या धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले. संपूर्ण शाळेने मिळून अपेक्षित वर्तन शिकवण्याची चौकट आणि दुखावलेल्या संबंधांची भरपाई करण्याच्या बैठका हे पर्याय याच काळात पुढे आले. इंग्लंडमधील सरकारी शाळांतून छडी १९८७ मध्ये गेली. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, आणि वर्गासमोर नाव पुकारून लाजवणे कुठपर्यंत चालेल, हा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आला.

२०११ पासून लोकप्रिय झालेल्या मोबाइल ॲपमध्ये शिक्षक प्रत्येक मुलाला वर्तनाचे गुण देतो किंवा कापतो, पालकांना ते लगेच कळतात आणि हवे तर सर्व वर्गाला पडद्यावर दिसतात. ही नोंद खडूसारखी संध्याकाळी पुसली जात नाही, आणि ती किती काळ, कोणाकडे ठेवावी यावर पालक व शाळा यांच्यात नव्याने वाद सुरू आहेत. पडदा बंद ठेवून गुण फक्त त्या मुलाला दाखवण्याची सोय त्यात आहे. ती वापरायची की नाही, हे अजूनही शिक्षकावरच सोपवलेले आहे.