एका कपलिंगचे १८९० रुपये कसे होतात

मागे एकदा जुन्नरकडच्या एका काकांचा आमच्या शॉपवर फोन आला, शेतातल्या पंपाचं कपलिंग, म्हणजे मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) पंपाला जोडणारा तुकडा, गेलंय, एकच नग पाहिजे, किती होतील. मी माप विचारलं तर बाहेरून ७० मिलिमीटर, लांबी १००, आत २८ चा बोअर, म्हणजे भोक, आणि ८ ची चावी, म्हणजे शाफ्ट आत घसरू नये म्हणून मध्ये बसवायची पट्टी. सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, करायचं तर १९०० च्या आसपास जाईल असं मी सांगितलं आणि पलीकडे एकदम शांतता. मग काका म्हणाले, "अहो साहेब, लोखंड सगळं मिळून तीन किलो, मग एवढे पैसे कशाचे?"

प्रश्न बरोबर होता. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात जॉबवर्कची शॉप्स चालवणारे आम्ही लोक हा प्रश्न रोज ऐकतो आणि घाईत असलो की नीट उत्तर देत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

वजनापासून सुरू करू. ७० चा बार १०० लांब कापला की त्याचं आकारमान साधारण ३८५ घनसेंटिमीटर, पोलादाची घनता ७.८५, म्हणजे ३ किलो. ८० रुपये किलो धरा, मटेरियल २४० रुपये. मशीनवर प्रत्यक्ष कटिंग १५ मिनिटं, तासाचा रेट ६०० धरला तर १५० रुपये. चावीचा गाळा, म्हणजे ती बसायची खाच, तूर्त बाजूला ठेवू. झाले ३९०. मग बाकीचे दीड हजार कुठून आले? ते सेटिंगचे. ड्रॉइंग वाचायचं, प्रोग्रॅम लिहायचा, आधीच्या जॉबचे टूल काढून याचे लावायचे, प्रत्येक टूलचा ऑफसेट घ्यायचा, म्हणजे त्याची धार नेमकी कुठे आहे ते मशीनला द्यायचं, पार्ट पकडणाऱ्या चकचे सॉफ्ट जॉ (जबडे) त्या व्यासाला बोअर करून घ्यायचे, मग पहिला पीस हळूहळू कट घेत, मोजत मोजत काढायचा. अडीच तास आरामात जातात आणि एक नग असो की हजार, हे अडीच तास तेवढेच लागतात.

आता गंमत बघा. एक नग केला तर १५०० अधिक ३९०, म्हणजे १८९०. दहा केले तर सेटिंग दहांत वाटलं जातं, नगाला ५४०. शंभर केले तर ४०५. हजार केले तर ३९१.५०. म्हणजे एकावरून दहावर गेलं की नगामागे १३५० रुपये वाचतात आणि शंभरावरून हजारावर गेलं की जेमतेम साडेतेरा. बरेच लोक म्हणतात हजाराची ऑर्डर देतो, रेट अर्धा करा. पण सेटिंगचा बोजा तर शंभरातच संपलेला असतो, उरलेला पैसा धातूचा आणि कटिंगच्या मिनिटांचा, तो नग वाढवून आपोआप कमी होत नाही.

तो कमी करायचा तर पद्धतच बदलावी लागते. पाच-दहा हजार नग असतील तर भरीव बारमधून भोक पाडत बसण्यापेक्षा जवळपास त्याच आकाराचं कास्टिंग (ओतीव) किंवा फोर्जिंग (ठोकून घडवलेलं) घ्यायचं आणि फक्त महत्त्वाचे पृष्ठभाग मशीन करायचे. आपल्याकडे कोल्हापूरच्या फाउंड्र्या, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, हेच काम करतात, तिथून कास्टिंग येतं आणि मशीनिंग तिथेच किंवा पुण्याकडे होतं. पण पॅटर्न किंवा डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च आधी करावा लागतो, म्हणून पन्नास नगांसाठी कोणी त्या वाटेला जात नाही. उलट एकच नग असेल तर सीएनसी सोडा, साध्या लेथवर जुना जाणता टर्नर दोन तासांत काढून देतो, त्या मशीनचा रेटही कमी असतो. काकांना मी शेवटी हेच सुचवलं. नग किती यावर मशीन ठरतं आणि मशीनवर रेट.

दुसरी गोष्ट टॉलरन्स, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. कुठलंही माप अगदी अचूक कधीच येत नाही, किती चुकलं तरी चालेल ते ड्रॉइंगवर लिहायचं असतं. या कपलिंगचा बाहेरचा ७० व्यास साध्या टॉलरन्सला धरला तर ०.३ वर किंवा ०.३ खाली चालतो, म्हणजे ६०० मायक्रॉनची खिडकी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आतला २८ चा बोअर मात्र मोटरच्या शाफ्टवर नीट बसायला हवा म्हणून तो एच-७ या ठरलेल्या टॉलरन्सचा, म्हणजे २८.००० ते २८.०२१. खिडकी फक्त २१ मायक्रॉन, आणि माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एकाच पार्टवर एका मापाला दुसऱ्याच्या अठ्ठावीस पट सूट आहे. बाहेरचं माप व्हर्निअरने बघितलं की झालं, आतल्याला वेगळा फिनिश कट, बोअर गेज, प्लग गेज, आणि रिजेक्शनची भीती. आता कोणी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करताना सगळ्याच मापांना सरसकट ०.०१ टाकलं, आणि असे ड्रॉइंग आठवड्याला दोन-तीन येतात, तर आम्हाला सगळीकडेच तेवढी काळजी घ्यावी लागते आणि बिल वाढतं, त्या पार्टला त्याची काडीचीही गरज नसताना.

मायक्रॉनच्या जगात धातू स्थिर नसतो हे मी एका उन्हाळ्यात चांगलंच शिकलो. अॅल्युमिनिअमची बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसायचं घर, होती, ६२०६ बेअरिंगसाठी, त्याचा बाहेरचा व्यास ६२, म्हणून घराला ६२ चा बोअर, एच-७, खिडकी ३० मायक्रॉन. दुपारची शिफ्ट, कूलंट न वापरता नुसत्या हवेवर कटिंग चाललेलं, पीस मशीनमधून काढला की लगेच बोअर गेज लावायचा, माप ६२.०१८, ओके. बारा पीस असे पास केले. संध्याकाळी बेअरिंग बसवायला घेतलं तर जाईना. परत मोजलं तर ६१.९९, बाराच्या बारा. गेज दोनदा तपासला, गेज जुळवायची सेटिंग रिंग तपासली, सगळं ठीक. मग हाताला लक्षात आलं, दुपारी पीस चांगला कोमट लागत होता आणि आता गार होता. अॅल्युमिनिअम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. ६२ मिलिमीटर गुणिले २० अंशांचा फरक केलं की साडेअठ्ठावीस मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ पूर्ण खिडकीच उष्णतेने खाल्ली. भोकसुद्धा धातूबरोबर मोठं होतं आणि गार झालं की लहान होतं, हे शाळेत गोळा आणि कडीच्या प्रयोगात शिकलो होतो की. नशीब बोअर लहान झाला होता, पुन्हा एक कट घेऊन पीस वाचले. तेव्हापासून आमच्याकडे फिनिश माप पीस गार झाल्यावरच घेतात. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ते ठरवलं, त्यामुळे ड्रॉइंगवर ६२ लिहिलं म्हणजे २० अंशाला ६२ असा अर्थ असतो.

मिलिंगच्या पार्टमध्ये आणखी एक नेहमीची अडचण, आतले कोपरे. कटर गोल फिरतो, त्यामुळे खिशासारख्या खोलगट भागाचा आतला कोपरा कधीच चौकोनी निघत नाही, कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच. गोलाई ३ मिलिमीटर दिली म्हणजे जास्तीत जास्त ६ चा कटर, आणि खोली ४० असेल तर तो बारीक कटर लांब बाहेर काढून चालवावा लागतो. एका टोकाला धरलेला दांडा किती वाकतो ते लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, लांबी दुप्पट केली की त्याच जोराला आठपट वाकतो. मग कटर थरथरतो, फिनिश खराब येतो, फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी करावा लागतो. तीच गोलाई ६ केली तर १२ चा दणकट कटर चालतो आणि वेळ झपकन खाली येतो. ड्रॉइंगवर फक्त एक आकडा बदलायचा असतो.

मोठ्या ऑर्डरमध्ये खरी डोकेदुखी टूल झिजण्याची. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला लावायच्या बदलत्या तुकड्याची, धार झिजत गेली की बोअर हळूहळू लहान येतो आणि बाहेरचा व्यास मोठा. म्हणून अनुभवी सेटर बोअर वरच्या मर्यादेकडे थोडा झुकवून सुरू करतो, झीज त्याला खाली आणते, आणि दर काही पीसनंतर मोजून ऑफसेट पाच-पाच मायक्रॉनने सरकवतो. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी २६ वर्षं याच विषयावर प्रयोग केले, साडेतीनशे टनांहून जास्त लोखंड-पोलाद कापून काढलं आणि १९०६ साली निष्कर्ष मांडले. वेग थोडा वाढवला तरी टूलचं आयुष्य धाडकन कोसळतं. इन्सर्ट ज्याचे असतात त्या कार्बाइडसाठी पुस्तकातल्या सूत्रात जो घातांक देतात तो धरला तर वेग २० टक्के वाढवला की आयुष्य निम्म्याच्याही खाली. त्यामुळे अर्जंट आहे, जोरात चालवा, असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा वाचलेला वेळ इन्सर्ट बदलण्यात आणि परत माप जुळवण्यात जातो.

म्हणून पार्ट सांगताना नुसतं माप पाठवू नका, तो कशात बसतो, त्याच्यात काय बसतं, फिरतो की स्थिर, पाण्यात असतो का, वर झिंक प्लेटिंग होणार का, हे सांगा. प्लेटिंगचा थर ८ मायक्रॉन असेल तर शाफ्टचा व्यास १६ ने वाढतो, ते आधी कळलं तर आम्ही तेवढं कमी ठेवतो, नंतर कळलं तर बसवताना भांडण होतं. आणि जमलं तर तुटलेला जुना पार्ट आणा, त्यावर झिजेच्या खुणा असतात, त्या कुठल्याच ड्रॉइंगवर नसतात.

काका दोन दिवसांनी स्वतः आले, जुनं कपलिंग पेपरात गुंडाळून आणि दुसऱ्या हातात मोटरसुद्धा, पुतण्याला सोबत घेऊन. कपलिंगमधला चावीचा गाळा पार फाटला होता. शाफ्टवरचा गाळा बघितला तर तोही ८ चा राहिला नव्हता, ८.६ झाला होता. नवीन कपलिंग ८ च्या चावीने त्यावर बसवलं असतं तर चावी परत हलली असती आणि सहा महिन्यांत काका परत आले असते. टर्नरने साध्या लेथवर कपलिंग काढलं, स्लॉटिंग मशीनवर ८ चा गाळा मारून आणला आणि एक स्टेप चावी बनवली, वर ८ आणि खाली ८.६. काकांनी चावी शाफ्टवर ठेवून अंगठ्याने दाबून बघितली, हलली नाही, मग पुतण्याला म्हणाले, "ही दुसरी एक करून घे रे, जपून ठेवू."