चिमटा आणि उपहास

मराठी नाटकाच्या प्रयोगात एक क्षण हमखास येतो. कथानक जरा बाजूला राहतं, नट दोन पावलं पुढे सरकतो आणि कालच्या पेपरातल्या बातमीवर एक वाक्य टाकतो. कुणी पक्ष बदललेला असतो, कुणी 'नाराज' असतो, नाहीतर रस्त्यातले खड्डे तर बारमाही आहेतच. थिएटर हसतं, टाळी पडते, शेजारचे काका बायकोकडे वळून म्हणतात, 'बघ, कसं झोडलं!' आणि दोन दिवसांनी परीक्षणात येतं की हे नाटक सद्य राजकारणावर मार्मिक भाष्य करतं.

माझं भांडण त्या 'भाष्य' शब्दाशी आहे. नट जे करतो त्याला मी चिमटा म्हणेन. नाटकवाले त्याला 'ॲडिशन' म्हणतात, जुने लोक 'पदरचं वाक्य' म्हणायचे. चिमटा ही चांगली गोष्ट आहे, मलाही आवडते. पण उपहास हा प्रकार वेगळा. दोन्हीकडे राजकारण असतं, दोन्हीकडे हशा असतो, म्हणून आपण दोन्ही एकाच टोपलीत टाकतो.

एक धंदेवाईक विनोदी नाटक मी दोनदा पाहिलं, मध्ये दीडेक वर्ष गेलं असेल. घरमालक, भाडेकरू, लपवलेली बायको असा नेहमीचा मामला. दुसऱ्या अंकात भाडेकरू खोली सोडतो तेव्हा घरमालक म्हणतो, 'अरे, रात्रीतून सामान हलवायला तू काय अमुकतमुक आहेस का?' त्या अमुकतमुकच्या जागी तेव्हा गाजत असलेल्या एका पुढाऱ्याचं नाव होतं. दीड वर्षाने गेलो तर जागा तीच, थांबायची पद्धत तीच, टाळीही तेवढीच, फक्त नाव दुसऱ्या पक्षातल्या दुसऱ्या माणसाचं. कथेला काही फरक पडला नव्हता. भिंतीवर खुंटी ठोकलेली होती, हंगामाप्रमाणे टोपी बदलत होती.

चिमटा ओळखायची माझी खूण ही. काढून टाका, नाटक तसंच उभं राहतं. उपहासाचं तसं होत नाही. तो नाटकाच्या पायातच असतो, उपसला की घर खाली येतं.

खुंटी आपल्याकडे नवी नाही. तमाशाच्या वगात, म्हणजे त्यातल्या कथानाट्यात, राजा सिंहासनावर येऊन बसला की 'प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?' असं विचारतो. तो प्रश्न म्हणजे राखून ठेवलेली जागा. त्या गावात त्या आठवड्यात जे गाजत असेल ते तिथे यायचं. पाऊस, रेशन, सरपंच, सोसायटीची निवडणूक. सोंगाड्याला ही मुभा परंपरेनेच दिलेली आहे, आणि ती पेलणं सोपं नाही. कुठल्या गावात कुणाचं नाव घ्यायचं, किती घ्यायचं, टाळी विरायच्या आत कथेत परत कसं शिरायचं, हे वर्षानुवर्षं फडावर घासल्याशिवाय येत नाही. तेव्हा चिमट्याला कमी लेखायचा माझा हेतू नाही. फक्त तो काय करतो ते नीट पाहू. प्रेक्षकाला आधीच जे माहीत असतं, तेच तो मोठ्याने बोलून दाखवतो. आपण हसतो ते 'हो हो, मलाही हेच वाटतं' म्हणून. हसणारे सगळे एका बाजूला, तो पुढारी दुसऱ्या बाजूला, आणि मधलं अंतर सुरक्षित. इतकं सुरक्षित की पुष्कळदा तो पुढारी स्वतःच पहिल्या रांगेत बसलेला असतो, सगळ्यात मोठ्याने हसतो आणि मध्यंतरात आत जाऊन नटाबरोबर फोटो काढतो.

आता उपहास जवळून पाहायचा तर गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा'पाशी जावं लागतं. 1899 चं नाटक. पैशासाठी कोवळ्या मुलीचं लग्न एका जख्ख म्हाताऱ्याशी ठरवलं जातं. त्यात पद आहे, 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान'. म्हणजे फार म्हातारा नाही हो, वय फक्त पंचाहत्तर! सगळा खेळ 'अवघे' या एका शब्दात आहे. तो काढला तर उरतो नुसता जनगणनेतला आकडा. तो ठेवला की ऐकणाऱ्याला एक सूर ओळखू येतो: स्थळ खपवणाऱ्या मध्यस्थाचा, हिशेब करणाऱ्या बापाचा, 'घराणं चांगलं आहे, वयाचं काय एवढं' म्हणणाऱ्या नातेवाइकांचा. तो सूर त्या काळच्या प्रेक्षकाने स्वतःच्या ओटीवर ऐकलेला होता. कदाचित स्वतः लावलेलाही होता. हसू येतं आणि लगेच घशात अडकतं. यात कुणा मंत्र्याचं नाव नाही, कुठली बातमी नाही. पण ही थट्टा काढून 'शारदा' उभं करून दाखवा.

(जाता जाता: बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा कायदा या नाटकावरून 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, असं अजूनही सांगितलं जातं. त्याचं नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडलं. पण गैरसमज किती मराठी आहे!)

याच देवलांचं 'संशयकल्लोळ' शेजारी ठेवलं तर तिसराच प्रकार दिसतो. ते निखळ प्रहसन. एक तसबीर इकडची तिकडे जाते आणि संशयाची साखळी सुरू होते. हसून पोट दुखतं, बोचत मात्र काही नाही. प्रहसनाला समाजाचं काही बिघडवायचं किंवा सुधारायचं नसतं. त्याचा विषय इथेच संपतो.

राजकीय उपहासाचं आपल्याकडचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अर्थातच 'घाशीराम कोतवाल'. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. पुण्यात 16 डिसेंबर 1972 ला पहिला प्रयोग झाला आणि वाद पेटल्यावर 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेने नाटक थांबवलं. मग त्यातली मंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली आणि 1974 च्या जानेवारीत ते पुन्हा उभं केलं. 1980 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा परत वादळ. आता गंमत बघा. या नाटकात 1972 सालातल्या एकाही राजकारण्याचं नाव नाही. गोष्ट अठराव्या शतकातल्या पुण्याची, नाना फडणवीस आणि त्यांच्या कोतवालाची. बापाने मुलगी द्यायची, बदल्यात कोतवाली घ्यायची. नानाने कोतवालाकडून धाक बसवून घ्यायचा आणि उपयोग संपला की त्याला जमावापुढे टाकायचं.

पण हे झालं कथानक. उपहास राहतो तो रंगमंचावरच्या माणसांच्या भिंतीत. सुरुवातीला ओळीने उभे असलेले, गणाच्या, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेच्या, तालावर डोलणारे हे लोक पुढे जी जागा लागेल ती होतात, कधी आडोसा, कधी गर्दी. पाठ फिरवली की मागे काय चाललंय ते झाकलं जातं, बाजूला झाले की दिसतं. ओठांवर हरिनाम असतं आणि पावलं बावन्नखणीकडे, म्हणजे पुण्यातल्या कलावंतिणींच्या वस्तीकडे, वळलेली असतात. नानाचा सगळा कारभार या भिंतीच्या आडोशाने चालतो, आणि शेवटी घाशीरामाला ठेचायला हीच भिंत धावते. सत्ता वाईट आहे, एवढं सांगायला कुणीही येईल. झाकणारी माणसं कोण आहेत हे दाखवलं की प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते, कारण समोरच्या त्या ओळीसारखीच एक ओळ तिकिटं काढून खाली खुर्च्यांवर बसलेली असते.

नाव घेतलं की चिमटा आणि नाव टाळलं की उपहास, असा सरळ हिशेब मात्र मांडू नये. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफनीसने इ.स.पू. 424 मध्ये 'नाइट्स' केलं तेव्हा अथेन्समध्ये क्लिऑन हा पुढारी जोरात होता आणि रोख कुणावर आहे हे सगळ्या प्रेक्षागृहाला कळत होतं. तो या नाटकात एक लबाड गुलाम आहे, आणि त्याच्या ज्या खुळचट म्हाताऱ्या धन्याला तो गोड बोलून लुबाडतो त्याचं नाव आहे डेमॉस, म्हणजे जनता. टोला क्लिऑनला बसतोच, पण धनी कोण हे कळल्यावर हसणाऱ्यालाही बसतो. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. आणि त्याच अथेन्सकरांनी थोड्याच काळात क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं. नाटकाने क्रांती होते म्हणणाऱ्यांनी हा तपशील जवळ ठेवावा.

आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाची चौकट घेतली, गणातली देववंदना बदलली, आणि 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'देशभक्त घोटाळे' अशी लोकनाट्यं लिहिली. ही शीर्षकंच पाहा. घोटाळे हे आडनाव आहे! त्यात कुणी एक माणूस नाही, जात आहे माणसांची. त्या जातीचा नवा नमुना दर निवडणुकीत येतो, त्यामुळे नाव बदलायची गरज पडत नाही. त्याआधी कितीतरी वर्षं, 1855 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. एक जोशी कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुटतो, आणि एक विदूषक मध्येमध्ये येऊन हे कसं चाललंय ते फोडून सांगतो. विदूषकाचं काम संस्कृत नाटकापासून राजाला हसवायचं. इथे तो कुणब्याच्या बाजूला उभा राहिला. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक स्वीकारलं नाही. हशाची दिशा बदलली की बक्षीस जातं, हे इतकं जुनं आहे.

दिशा मात्र नेहमी वरच असते असं समजून चालू नका. 1886 मध्ये नारायण बापूजी कानिटकरांनी 'तरुणी शिक्षण नाटिका' लिहिली, शिकलेल्या बायकांची टिंगल करणारी. तिच्यातली थट्टाही काढून टाकता येत नाही, तीही नाटकाच्या पायातच आहे. म्हणजे माझ्या कसोटीने तो उपहासच. उपहास हे हत्यार आहे, ते कुणाच्या हातात आहे ते वेगळं पाहावं लागतं. चिमट्याचंही तेच, फरक इतकाच की चिमट्याची लाली संध्याकाळपर्यंत जाते.

सगळ्यात अवघड प्रकरण 'विच्छा माझी पुरी करा'. वसंत सबनिसांचं हे लोकनाट्य 1965 पासून दादा कोंडक्यांनी गाजवलं, दीड हजारांवर प्रयोग केले. त्यांचा हवालदार रोज ताजं बोलायचा. म्हणजे चिमटेच. पण वगाची गोष्ट अशी की कोतवाली लायकीवर मिळत नाही, आणि जो राज्यातल्या चोऱ्या थांबवायचा तोच कोतवाल मैनावती नावाच्या बाईच्या नादाने राजाचा छपरी पलंग चोरायला निघतो. हा पाया उपहासाचा. त्यावर रोजचे चिमटे चढले की प्रत्येक चिमटा त्या पायाला जाऊन भिडतो. आजच्या मंत्र्याचं नाव घेतलं की ते थेट त्या पलंगापाशी जाऊन पोचतं. घरमालक-भाडेकरूच्या नाटकात तेच नाव हवेत राहतं. म्हणून मला वाटतं की चिमटा स्वतः हलका किंवा जड नसतो, तो कशावर काढला जातो यावर सगळं आहे.

सरकारी बाजूची विसंगतीही मजेशीर आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. नटाचं पदरचं वाक्य त्या संहितेत कुठून असणार? म्हणजे कागदोपत्री बेकायदा असतो तो चिमटा, आणि त्याला कुणी हात लावत नाही. अडचणीत येतं ते लिहून ठेवलेलं. पण चिमटा कधीच झोंबत नाही असंही म्हणता येणार नाही. कलकत्त्यात 1876 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या ताज्या भेटीवर, त्याला आपल्या जनानखान्यात नेणाऱ्या एका बड्या वकिलावर, 'गजदानंद ओ युवराज' हे प्रहसन झालं. बातमीवरचीच थट्टा ती. सरकार इतकं चिडलं की आधी वटहुकूम आला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. स्वतंत्र भारताच्या कायद्यांच्या यादीतून तो निघाला थेट 2018 मध्ये.

आणि उपहासही कायम बोचत राहतो असं नाही, त्याचाही कधीकधी बुंदीचा लाडू होतो. 'अवघे पाऊणशे वयमान' ही ओळ आज कुठे दिसते? अमृतमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर. सत्कारमूर्तींचा फेट्यातला फोटो, खाली स्वागतोत्सुकांची नावं, आणि वर सोनेरी अक्षरात ती ओळ, अगदी प्रेमाने छापलेली. त्याच पदात पुढे दंताजींचं ठाणं उठलेलं आहे आणि दोन्ही कान फुटलेले आहेत. ते पत्रिकेवर कुणी घेत नाही.