गाठ काढून केलेली बायोप्सी

शरीरातली गाठ पूर्णपणे काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत. गाठ लहान व वरवरची असेल, सुईच्या तपासणीतून निदान पक्के झाले नसेल किंवा लसिका ग्रंथीची (मान, काख, जांघेतल्या लिम्फ नोडची) अखंड रचना पाहायची असेल, तेव्हा ही पद्धत निवडतात. स्तनातल्या गाठीसाठी मात्र बहुधा आधी जाड सुईने नमुना घेतात. निदान हाती असले की पुढची शस्त्रक्रिया नीट आखता येते. वृषणातल्या संशयास्पद गाठीत अंडकोशातून सुई घालणे टाळतात आणि जांघेत छेद घेऊन वृषणच काढतात.

रक्त पातळ करणारी औषधे (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन), मधुमेह, गर्भारपण, औषधांची ॲलर्जी हे सारे आधीच डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिच्याशिवाय हृदयाला किंवा मेंदूला होणारा धोका गाठीपेक्षा मोठा असू शकतो. पूर्ण भूल द्यायची असेल तर साधारणपणे ६ तास आधी खाणे आणि २ तास आधी पाणी बंद करतात.

वरवरच्या गाठीला बहुतेक वेळा जागेवरची भूल पुरते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन काही सेकंद झोंबते. त्यानंतर दाब, ओढ, हात फिरल्याची जाणीव होते, पण टोचणारे दुखणे नसावे. दुखले तर लगेच सांगावे, आणखी भूल देता येते. सहन करत पडून राहण्याची काही गरज नाही. रक्तवाहिन्या शेकून बंद करताना जळका वास येतो. हे आधी सांगितलेले नसले की माणूस उगाच घाबरतो. हाताला न लागणाऱ्या स्तनाच्या गाठीत सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या मदतीने आधी बारीक तार बसवतात आणि तिच्या आधाराने गाठ शोधतात.

काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेली पाहिजे, ती साधी चरबीची वाटली तरीही. नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) ठेवतात; क्षयाची शंका असल्यास एक भाग फॉर्मॅलिनशिवाय कल्चरला (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. हा निर्णय शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवा.

रुग्णाला सर्वांत जड जाते ते अहवालाची वाट पाहणे. ऊती फॉर्मॅलिनमध्ये मुरण्यातच कित्येक तास जातात. मग ती मेणात बसवून साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि रंगवतात. त्यामुळे अहवालाला काही दिवस लागतात, आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली विशिष्ट प्रथिने ओळखणारी तपासणी) करावी लागली तर आणखी काही. उशीर झाला म्हणून निदान वाईटच असणार, असा अर्थ काढू नये. शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवलेल्या कापावरून उत्तर मिळू शकते, पण अंतिम निदान मेणातल्या कापांवरच ठरते.

जखमेभोवती थोडी सूज, काळेनिळेपणा आणि काही दिवसांचे दुखणे अपेक्षित असते. न विरघळणारे टाके चेहऱ्यावर ५ ते ७, धडावर १० ते १४ दिवसांनी काढतात. वाढती लाली, पू, ताप, झपाट्याने फुगणारी सूज किंवा दाबून धरूनही न थांबणारे रक्त दिसले तर लगेच दवाखाना गाठावा.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या भीतीपायी अनेक जण महिनोन्महिने गाठ अंगावर काढतात. नमुना घेतल्याच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळ आहेत. ज्या प्रकारांत हा धोका विचारात घ्यावा लागतो, उदाहरणार्थ सार्कोमा (हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर), तिथे छेदाची जागा पुढच्या शस्त्रक्रियेचा विचार करूनच ठरवतात. निदान न होता गेलेला वेळ जास्त घातक ठरतो.

अहवालात निदानासोबत गाठीच्या कडांबद्दल नोंद असते. कॅन्सर निघाला आणि त्याच्या पेशी कडेपर्यंत पोहोचलेल्या असल्या, तर पुन्हा थोडा भाग काढावा लागू शकतो. अहवालाची प्रत जपून ठेवावी. मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत जतन केलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत नवी शस्त्रक्रिया न करताही घेता येते.