धारेला पाणी, नेढ्याला नाही

माझी पहिली कुऱ्हाड जेमतेम चार सेकंद जगली. भट्टीतून लालभडक निघाली, बादलीतल्या पाण्यात गेली, वाफेचा भपकारा उठला आणि त्या चरचराटातून एक बारीकसा ‘टिक्’ ऐकू आला. काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर येतो तसा. बाहेर काढून पाहिलं, तर धारेपासून निघालेली केसाएवढी चीर थेट दांड्याच्या भोकापर्यंत पोचली होती. दोन रविवार पाण्यात गेले, अगदी शब्दशः.

पुढच्या आठवडी बाजाराला ती गोणपाटात गुंडाळून घिसाडी मावशींकडे नेली. रस्त्याच्या कडेला त्यांचं पाल असतं. जमिनीत पुरलेली ऐरण, हातानं फिरवायचा पंखा, कोळशाचा ढीग. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि घण मावशी घालतात. घिसाड्यांत ही वाटणी नेहमीचीच. मावशींनी कुऱ्हाड हातात घेतली, चिरेवरून नख फिरवलं आणि एवढंच विचारलं, “सगळी बुडवली का?”

“हो.”

“मग फुटनारच की, सर. धारेला पाणी द्यायचं, नेढ्याला न्हाई.”

नेढं म्हणजे दांडा बसतो ते भोक. सुईचं असतं तसंच कुऱ्हाडीचं. धातुशास्त्राची पुस्तकं ज्याला कित्येक पानं देतात ते मावशींनी एका वाक्यात सांगितलं होतं, मला मात्र ते कळायला ती पानं वाचावी लागली.

कुऱ्हाडीची अडचण अशी की तिच्या दोन टोकांच्या मागण्या एकमेकींविरुद्ध आहेत. धार कडक हवी, नाहीतर बाभळीच्या गाठीवर दोन घावांत मुडपते. नेढं मात्र चिवट हवं, कारण प्रत्येक घावाचा हिसका तिथे पोचतो आणि कडक पोलाद हिसका सोसत नाही, तडकतं. जुन्या लोहारांनी यावर सरळ उपाय काढला होता. मऊ लोखंडाची पट्टी दुमडून नेढं करायचं आणि पट्टीच्या दोन टोकांमध्ये पोलादाचा तुकडा घालून भट्टीतच सांधायचा. सांधताना टाकणखार टाकायचा. तापलेल्या लोखंडावर धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा तो वितळवून बाहेर काढतो आणि स्वच्छ लोखंडाला स्वच्छ लोखंड भिडतं. पोलाद महाग होतं, म्हणून ते फक्त धारेपुरतं वापरायचं, हाही हिशोब त्यात होताच.

नवख्यानं मात्र या सांध्याच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत आहे. मी भंगारातून किलोभराचा जुना हातोडा आणला. हातोड्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, म्हणजे धार धरण्यापुरता पुरेसा. शिवाय भोक तयार मिळतं. एक तोंड तसंच ठेवायचं, तो कुऱ्हाडीचा माथा. दुसरं ठोकून पसरवायचं, ते पातं. भंगारातून काहीही उचलताना एक जपावं: जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड भट्टीत घालू नये. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. डोळ्यांवर चष्मा आणि अंगात सुती कपडे, हे तर हवंच. टेरिकॉट ठिणगीनं वितळतं आणि कातडीला चिकटतं.

भट्टीपुढे उभं राहिलं की पहिला गैरसमज गळून पडतो. मला वाटायचं की लोहारकाम म्हणजे ताकदीचं काम. असतं ते वेळेचं. अकराशे अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद थंड असतानाच्या दहाव्या हिश्श्यावर येते. शिवाय त्या तापमानाला ठोकून विस्कटलेले स्फटिक जागच्या जागी नव्यानं जुळतात, त्यामुळे धातू ताठरत नाही. थंड तार चार वेळा वाकवली की ती ताठर होऊन तुटते, तसं इथे होत नाही. पण हे सुख किती वेळ टिकतं? हजार अंशाला तापलेला किलोभराचा ठोकळा निव्वळ प्रारणानं सुमारे दोन किलोवॉट उष्णता फेकत असतो. घरातला गिझर तेवढाच असतो. त्या हिशोबानं ठोकळा सेकंदाला तीनेक अंशांनी निवतो. तीन मिलिमीटरपर्यंत पातळ झालेली धार मात्र सेकंदाला पंधरा अंशांनी उतरते, आणि ऐरणीला टेकली की त्याहून वेगानं. म्हणजे भट्टीतून काढल्यावर माथ्याकडे मिनिटभर वेळ असतो, धारेकडे दहा-पंधरा सेकंद. मी पहिल्या दिवशी कुठे मारायचं याचा विचार करत उभा राहिलो आणि ती विचारातच काळी पडली. विचार लोखंड भट्टीत असताना उरकायचा.

पातळ कड लवकर निवते तशी लवकर तापतेही. बाकीचं नारिंगी होईपर्यंत कड पांढरी पडते आणि तडतडत ठिणग्या उडवू लागते. दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्यात लोखंडाचाच कीस असतो आणि जळताना तो अशाच चांदण्या फेकतो. भट्टीत चांदण्या दिसल्या म्हणजे आपली कुऱ्हाड जळतेय. जळालेली कड कापून टाकण्याला पर्याय नाही.

आता ठोकणं. चपट्या तोंडाच्या हातोड्यानं मारलं की धातू चहूबाजूंनी थोडा थोडा सरकतो. पातं एका दिशेलाच रुंद करायचं असेल तर निमुळत्या, पाचरीसारख्या तोंडाचा हातोडा लागतो. यामागचं कारण स्वयंपाकघरात सापडतं. लाटणं फिरवलं की कणीक लाटण्याच्या लांबीकडे फारशी जात नाही, त्याच्या आडव्या दिशेला पळते. हातोड्याचं निमुळतं तोंड म्हणजे बोटभर लांबीचं लाटणं. ते कुऱ्हाडीच्या दांड्याच्या दिशेत धरून मारलं तर पातं पुढे लांबतं, आडवं धरलं तर पातं वर-खाली पसरून रुंद होतं. मी आधी कणकेचा हातोडा करून त्यावर सराव केला. घरच्यांनी त्यावर जे भाष्य केलं ते इथे देत नाही.

हे करताना नेढ्याकडे दुर्लक्ष झालं की ते चेपतं. म्हणून मधून मधून त्यात लंबगोल सुंबा, म्हणजे भोक पाडायची पोलादी मेख, ठोकून आकार सावरावा लागतो. भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी थोडं रुंद हवं, डमरूसारखं. दांडा एका बाजूनं आत जातो, दुसऱ्या बाजूनं त्यात पाचर मारली की तो फुलतो आणि अडकतो. आपल्याला हे इतकं साधं वाटतं की कुऱ्हाडीला भोक असतंच, असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. विदर्भात माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणकालीन दफनांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. त्या चपट्या आहेत, बिनभोकाच्या. दांड्याला त्या लोखंडी पट्ट्यांच्या फुलीनं आवळलेल्या असत. त्याच टापूत नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीही सापडली, सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची. लोखंड गाळणाऱ्या त्या कारागिरांना ठोकळ्याला आरपार भोक पाडणं मात्र किफायतशीर वाटलं नसावं. दोन सेंटिमीटर जाडीच्या तापल्या लोखंडातून सुंबा सरळ उतरवून पाहिल्यावर मला त्यांचा निर्णय पटतो.

पातं झालं, कानशीनं आकार दिला, आता पाणी. मी चुकलो ते इथे.

साध्या तापमानाला लोखंडाचे अणू एका प्रकारे रचलेले असतात. त्या रचनेत कार्बनला जवळपास जागाच नसते, फार तर ०.०२ टक्के मावतो. उरलेला कार्बन लोखंडाशी संयोग पावून वेगळ्या थरांत बसतो. पोलाद ७२७ अंशांच्या वर गेलं की रचना बदलू लागते आणि या नव्या रचनेत दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. ते सावकाश निवू दिलं तर कार्बन शिस्तीत बाहेर पडून आपल्या जागी जातो. पण झटक्यात गार केलं तर? मांडव उतरवला, पण पाहुण्यांना उठायला वेळच दिला नाही, अशी गत होते. जुनी रचना परतायला बघते, कार्बन अडकून पडतो, आणि सगळी जाळी ताणलेल्या, वेड्यावाकड्या अवस्थेत गोठते. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून. ती कमालीची कडक असते आणि तितकीच ठिसूळ.

आणि ती फुगते. चीर पडते ती यामुळे. पाण्यात बुडवल्यावर बाहेरचा थर आधी गार होऊन कडक होतो; आतलं जाड पोलाद नंतर गार होतं, नंतर फुगतं, आणि तोवर काचेसारख्या झालेल्या सालीला आतून ढकलतं. पातं पातळ, नेढ्याभोवतीचा भाग जाड, त्यामुळे दोन्हींची वेळ जुळत नाही. शिवाय भोकाचे कोपरे म्हणजे चिरेला आमंत्रणच. तेल पाण्यापेक्षा सावकाश उष्णता ओढतं, त्यामुळे असल्या कामाला ते बरं. साधं गोडेतेल चालतं, जरा कोमट केलेलं; गरम तेल पातळ होऊन चांगलं खेळतं. भांडं पत्र्याचं आणि झाकण हाताशी, कारण तेल पेट घेऊ शकतं.

मी आणखी एक घोळ घातला होता. फुटलेली कुऱ्हाड शेगड्यात (पकड घट्ट आवळणाऱ्या व्हाइसमध्ये) धरून तोडली, तेव्हा तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे चमकणारे दाणे दिसले. नीट तापवलेल्या पोलादाचा तुटलेला भाग राखाडी, मखमलीसारखा बारीक दिसतो. दाणे मोठे झाले होते कारण ‘नीट तापू दे’ म्हणत मी ती नारिंगी होईपर्यंत भट्टीत ठेवली होती. स्फटिक तापात वाढतच जातात आणि मोठ्या दाण्यांच्या सांध्यांतून चीर आरामात पळते. यावर मोजमापाचं एक फुकट साधन आहे: लोहचुंबक. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. तारेला टांगलेला चुंबक भट्टीशेजारी ठेवायचा आणि चिकटणं थांबलं की आणखी किंचित तापवून थांबायचं. ठोकून झाल्यावर दोन-तीनदा एवढंच तापवून हवेत निवू दिलं की वाढलेले दाणे पुन्हा बारीक होतात.

मावशींच्या भट्टीला चुंबक नाही. त्या दिवशी एक शेतकरी कुऱ्हाड शेवटून, म्हणजे तिची धार नव्यानं काढून, घ्यायला आला होता, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं. पातं गडद लाल झालं. चार वाजताच्या उन्हात मला तो लाल दिसतही नव्हता, म्हणून तर त्यांच्या भट्टीवर गोणपाटाची सावली धरलेली असते. नवऱ्यानं कुऱ्हाड उचलली आणि फक्त धारेकडची दोन बोटं पाण्यात धरली, तीही स्थिर नाही, वर-खाली हलवत, म्हणजे ओल्या-कोरड्याची रेघ एका जागी राहत नाही. पाच-सहा सेकंदांत बाहेर. माथा अजून मंद लाल होता. मावशींनी विटेच्या तुकड्यानं धार खसाखसा घासली, पांढरं लोखंड उघडं केलं आणि म्हणाल्या, “आता बगा.”

माथ्यातली उष्णता धारेकडे सरकू लागली. घासलेल्या पट्ट्यावर आधी फिकट गवती पिवळा उमटला, त्याच्या मागोमाग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. रंगांची एक ओळ धारेकडे चालत येताना स्पष्ट दिसत होती. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या डिझेलला दिसतात त्याच जातीचे हे रंग. तापत्या लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, त्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग ठरतो. जाडी तापमानावर अवलंबून, म्हणून रंग हाच थर्मामीटर. गवती पिवळा म्हणजे २३० अंशांच्या आसपास, जांभळा २८० च्या, निळा ३०० च्या. एवढ्या उष्णतेनं अडकलेला कार्बन थोडा थोडा सुटतो, ताण उतरतो, कडकपणा थोडा जातो आणि चिवटपणा येतो. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबावं, कुऱ्हाडीला जांभळ्यावर.

जांभळी रेघ धारेला टेकली तशी मावशी “हं” म्हणाल्या आणि पात्याची धार पुन्हा पाण्यात गेली. नेढ्याला या सगळ्यात पाणी लागलंच नाही. ते आपलं हवेत निवलं, मऊ राहिलं. सांधा नाही, दोन धातू नाहीत. एकाच तुकड्याची दोन टोकं दोन स्वभावांची झाली.

दुसरी कुऱ्हाड मी तशीच केली, तेलात. दांडा धावड्याचा घ्यायचा होता, मिळाला बाभळीचा. तोही बरा, फक्त रेषा लांबीला सरळ धावणाऱ्या हव्यात. दांडा सैल झाला की लोक कुऱ्हाड पाण्यात भिजत घालतात. लाकूड फुगून घट्ट बसतं खरं, पण सुकल्यावर पहिल्यापेक्षा सैल होतं, कारण फुगताना नेढ्यात त्याचे तंतू चेपलेले असतात. त्यापेक्षा सुकं लाकूड आणि नवी पाचर बरी.

महिनाभर वापरून कुऱ्हाड मावशींना दाखवायला नेली. चीर नव्हती. धारेचा खालचा कोपरा मात्र नखाएवढा मुडपला होता. त्यांनी तो उन्हात तिरपा धरून पाहिला.

“हितं निळा आला आसंल,” त्या म्हणाल्या. “तुमी वरचं टोक बघत बसला.”

बसलो होतो खरा.