कृपासदन : पंडिता रमाबाईंना कृपा कशी उमगली

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायकामुलींसाठीच्या आपल्या आश्रमात, पंडिता रमाबाईंनी समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक वेगळं घर उघडलं. त्याचं नाव 'कृपासदन'. या नावामागे रमाबाईंचं अर्धं आयुष्य आहे.

वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगायचे. सारं कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी हिंडायचं. नदीस्नानं, उपासतापास, दानधर्म, पुण्य जोडण्यात कसलीच कसूर नव्हती. तरी १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांत गेली. तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. आणखी काय करायचं राहिलं होतं, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या साऱ्या शोधाच्या मुळाशी आहे, असं मला वाटतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींकडे (नन) गेल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवलं. एके काळी रस्त्यावर आलेल्या बायका तिथे आजाऱ्यांची सेवा करत होत्या. अशा स्त्रियांना कुणी जवळ करतं, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिलं. 'हे तुम्ही का करता?' असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई. पाच नवरे झालेले, आणि यहुद्यांना तिच्या लोकांचा विटाळ. येशू तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे ज्या घरात श्वासासारखं पाळलं जायचं, तिथून आलेल्या बाईला ही गोष्ट किती आत लागली असेल!

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण शोध तिथे संपला नाही, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्या भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या प्रवासाच्या आत्मकथनात, त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना ते जाणवलं. आधी लायक व्हायचं आणि मग देवाने जवळ घ्यायचं, असा हिशेब नव्हताच. तारण कृपेने आहे, कर्मांनी नव्हे, असं येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो. रमाबाईंना ते आता स्वतःबद्दल खरं वाटलं. तीर्थांमागून तीर्थं करणाऱ्या मुलीचं ओझं इथे उतरलं.

पुढच्या काळातल्या दुष्काळांत सापडलेल्या मुली केडगावला आल्या, कृपासदन उभं राहिलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अडाणी बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबल उतरवलं. १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत त्या त्याच कामात होत्या. शोमरोनी बाईच्या गोष्टीसकट त्या बायबलाचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी जुळवले.