गावरान गडी (मराठी लोकप्रिय लेखनातला साचा)

गावरान गडी म्हणजे विनोदी कथा, फार्स, सिनेमा आणि आता रील्समधनं दिसणारं खेड्यातल्या कष्टकऱ्याचं ठरलेलं रूप. फेटा, मोठा आवाज, एकतर भोळा नाहीतर इरसाल, शहरात आला की गांगरणारा. सगळ्यांनी पाह्यलेलाच आहे, त्यामुळं वर्णन इथंच थांबवू. इथं सातारा-सांगली पट्ट्यापुरतंच बघितलंय, कारण त्याच्या तोंडी जी बोली घालतात ती बऱ्याचदा हिकडचीच असते.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण महात्मा फुल्यांच्या (घराणं मूळ खटाव तालुक्यातल्या कटगुणचं) 'तृतीय रत्न' या १८५५ च्या नाटकापर्यंत मागं जातात, कारण त्यात जोशी कुणबी जोडप्याला लुबाडतो. पण पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं आणि ते छापून आलं थेट १९७९ साली, मग मधल्या लेखकांनी साचा तिथनं उचलला म्हणणं अवघड आहे, शिवाय त्यातलं जोडपं शेवटी फसवणूक ओळखून शिकायला निघतं आणि साच्यातला गडी शिकायला निघालेला कधी दिसत नाही. कादंबरीत कृष्णराव भालेकरांची 'बळीबा पाटील' (साधारण १८८८) पहिली ग्रामीण की धनुर्धारींची 'पिराजी पाटील' (विसाव्या शतकाची सुरुवात) पहिली, हाही वाद जुनाच. तारखा बघता भालेकरांचं पारडं जड वाटतं. मात्र दोन्हीच्या नावात पाटील आहे, मजूर नाही.

दुसरं मत म्हणजे हा गडी तमाशातल्या सोंगाड्यावरनं आला. हे मत जास्त चालतं, पण पटत नाही. सोंगाड्या राजाला, सावकाराला तोंडावर उलटं बोलतो, कवलापूरच्या काळू-बाळू या तमाशा कलावंतांच्या 'जहरी प्याला' वगात हसं होतं ते हवालदाराचं. छापील विनोदात हसं गड्याचं होतं. म्हणून साचा तमाशाच्या फडावर नाही तर शहरी वाचकासाठी निघणाऱ्या मासिकांत, दिवाळी अंकांत घट्ट झाला असावा, हे जास्त सयुक्तिक वाटतं.

त्यामागं लेखनाची एक पद्धतही आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि फक्त संवाद बोलीत, त्यामुळं विचार सगळा लेखकाकडं जातो आणि गड्याकडं उरतं ते नुसतं बोलणं. ती बोलीसुद्धा कुठल्या एका गावची नसते, माण-खटावचं आणि वाळव्याचं बोलणं सारखं नाही, तरी 'ण' चा सरसकट 'न' केला, मधी मधी 'व्हय जी', 'लई' पेरलं की झालं.

याला अपवाद आहेत आणि ते याच मातीतले आहेत. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मध्ये प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा धंदा आणि स्वतःची अडचण आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) मध्ये गावकुसाबाहेरच्या माणसालाच नायक केलं.

साच्यात मजुरी कुठंच येत नाही ही सगळ्यात मोठी उणीव. सातारा जिल्ह्यातली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबली, घर मनिऑर्डरवर चाललं, पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडी (ओझी वाहणाऱ्या) कामगारांची संघटना बांधली आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. ज्यांनी मुंबईत कायदा करायला लावला त्यांनाच विनोदात मुंबईत रस्ता सापडत नाही, हे खटकतं.

बायका तर फारच थोड्या, आल्या तरी भांडखोर सासू नाहीतर ठसकेबाज पोरगी. भांगलायला जाणारी, हळद काढणारी बाई रोज किती कमवते हे या लेखनात येत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दर हंगामाला मराठवाड्यातनं कारखान्यांवर येतात, नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडनं घेतलेली उचल (आगाऊ पैसे) अंगावर असते, आणि गावच्या गोष्टीत त्या बहुतेक उसाच्या फडातल्या गर्दीसारख्याच येतात.